मर्टी होरिगनचे चाळीस रशियन

ग्लेनाकूर गावात मर्टी होरिगनच्या शौर्याची गोष्ट ज्याला सांगता येत नाही असा माणूस शोधायला गेलं असतं, तर एकच सापडला असता, आणि तो म्हणजे खुद्द मर्टी. बाकी सगळ्यांना ती तोंडपाठ होती. लोहाराच्या मते मर्टीने क्रिमियाच्या लढाईत रशियनांचा जळता तोफगोळा फावड्यावर झेलला आणि आला तसा परत पाठवला. गुत्तेवाल्याची बायको सांगायची की गोळाबिळा सगळं झूट, त्याने आख्खी तोफच उचलून दरीत लोटली. फादरांच्या प्रवचनातला मर्टी आधी गुडघे टेकून मेरीमातेची प्रार्थना पुरी करायचा आणि मगच गोळ्याला हात लावायचा. तोवर गोळ्याची वात कशी काय थांबून राहिली, हे फादरांना विचारायची कोणाची छाती नव्हती. गावातली पोरं सलगम घेऊन हाच खेळ खेळत. प्रत्येकाला मर्टीच व्हायचं असे, त्यामुळे रशियन म्हणून शेवटी बकरी उभी करावी लागे.

खरा मर्टी गुत्त्याच्या कोपऱ्यात बसून हे ऐकायचा आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा. उंच, हाडकुळा, गुडघ्यात जरा वाकलेला. तळहातांची कातडी भाजून चकचकीत झालेली. कोटावर शौर्याबद्दल राणीकडून मिळालेला क्रॉस. लिमरिकच्या छावणीत कोणा जनरलने सगळ्या पलटणीसमोर लावलेला तो क्रॉस त्याची आई केट दर रविवारी स्वतःच्या हाताने टाचायची, आणि असा घट्ट टाचायची की टाचणी शर्टातून आत जायची.

"आई, टोचतंय गं."

"टोचू दे. तू तिकडे होतास तेव्हा मला दोन वर्षं टोचत होतं. मी बोलले का कोणाला?"

बोलली होती. सगळ्यांना बोलली होती. पण मर्टी आईला उलट उत्तर देणाऱ्यातला नव्हता.

गावाची या क्रॉसपायी पंचाईत झाली होती ती निराळीच. समुद्रापलीकडून आमच्यावर राज्य करणाऱ्या त्या राणीचं नाव काढलं की थुंकायचं, ही आमच्याकडची रीत. आता त्याच राणीचा बिल्ला गावच्या पोराच्या छातीवर चमकायला लागल्यावर काय करायचं? गुत्त्यात यावर बरीच डोकेफोड झाली आणि असं ठरलं की लाल कोट तिचा, पण आतला माणूस आपला. तेव्हापासून लोक आधी मर्टीच्या नावाने पेला उचलत, मग राणीच्या नावाने थुंकत, आणि दोन्हीकडची कर्तव्यं पार पडल्याच्या समाधानात घरी जात. तो पलटणीत गेला होता तो पोटासाठी, आपल्याकडची निम्मी पोरं जातात तसा. पण हे आता कोणी बोलत नसे. शूर माणसाला पोट असतं हे लोकांना आवडत नाही.

तर असा हा शूर माणूस दोन गोष्टींना भ्यायचा. एक, जेमसी क्विलिगनच्या अंगणातला हंस-बदकाचा थोराड नर. दोन, जेमसी क्विलिगनची मुलगी अबिना. पहिल्याला भिऊन तो तीनदा फाटकातून माघारी आला होता, आणि प्रत्येक वेळी मनातून त्याला बरं वाटलं होतं, कारण त्यामुळे दुसरीसमोर उभं राहायची वेळ टळली होती.

अबिनाचं हसणं दोन शेतं ओलांडून ऐकू यायचं. हात लोणी घुसळून घुसळून मजबूत झालेले, आणि नजर अशी की समोरच्याने खोटं बोलायच्या आधीच कबुली द्यावी. मर्टी परत आला त्या वर्षी जत्रेत तिने त्याला गाठलं होतं आणि क्रॉसकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे खरंच तू केलंस?"

मर्टी म्हणाला, "हवा बरी आहे."

तिने वर बघितलं. धो धो पाऊस पडत होता. "हो," ती गंभीरपणे म्हणाली, "हवा बरीच आहे." आणि मर्टी तिथल्या तिथे, भिजत, जन्माचा तिचा झाला. एवढं होऊन वर्ष उलटलं तरी पुढचं वाक्य काही त्याच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं.

आता मात्र वेळ उरला नव्हता. आमच्याकडे लग्नं होतात ती ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू होईपर्यंत. त्या शेवटच्या मंगळवारपर्यंत ज्याचं जमलं त्याचं जमलं, बाकीच्यांना उपास संपेपर्यंत काळा चहा आणि गावाची थट्टा. आणि या वर्षी अबिनासाठी चौरस्त्यावरचा दुकानदार बार्थली डी याने निरोप पाठवला होता. काचेच्या खिडक्यांचं घर, स्वतःचा घोडा, आणि वारलेल्या दोन बायका. दोघींचंही तो अगदी एकाच सुरात कौतुक करायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला नेमकी कोणती ते कळत नसे. अबिना त्याच्याकडे गेली की संपलं, एवढं मर्टीला पक्कं ठाऊक होतं. मग तो क्रॉस बकरीच्या गळ्यात बांधला तरी त्याला फरक पडणार नव्हता.

केटनेच शेवटी पोराच्या वतीने थेडी कॉन्सिडीनला गाठलं. थेडी म्हणजे पंचक्रोशीतला लग्नं जुळवणारा. तोंड असं गोड की आजूबाजूच्या चार गावांत त्याने जुळवलेली जोडपी अजून एकमेकांशी बोलत होती. या कामाची आपली एक रीत आहे. ज्याच्या बाजूने बोलायचं, त्याच्या प्रत्येक गोष्टीत भर घालायची. एक गाय असेल तर दोन म्हणायचं. समोरचा निम्मं धरूनच चालतो, त्यामुळे हिशोब बरोबर येतो आणि कोणी खोटं बोलल्यासारखं होत नाही. जो खरं तेवढंच सांगतो, त्याच्या नवऱ्या मुलाला अर्धीच गाय पदरात पडते.

दुसरी रीत अशी, की नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नाही. त्याने विस्तवाकडे बघत बसायचं. मर्टीला ही रीत फार आवडली.

संध्याकाळी दोघं बाटली घेऊन क्विलिगनांच्या घरी गेले. बदकाने थेडीला सोडलं आणि मर्टीची पोटरी धरली, तरी मर्टी आत पोचला. जेमसीने चुलीशी बाकडं पुढे ओढलं. बुटका, गोल, पांढऱ्या भुवयांचा माणूस. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि त्या फटीत अबिना चरखा घेऊन बसली होती, पण चरखा काही फिरत नव्हता.

जेमसीबद्दल इथेच सांगायला हवं. असा मऊ मनाचा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. तो आपल्या डुकरांना नावं ठेवायचा, म्हणजे बारसं करून ठेवायचा. डुक्कर कापायचा दिवस आला की टोपी कानांवर ओढून पलीकडच्या टेकडीवर जाऊन बसायचा आणि सगळं उरकल्यावर अबिना त्याला हाताला धरून घरी आणायची. पुढे आठवडाभर तो खारवलेल्या मांसाकडे बघायचा नाही. आणि अबिना एकुलती उरलेली, त्यामुळे मर्टीशी लग्न झालं असतं तर मर्टी त्या घरात घरजावई म्हणून येणार होता. जेमसीच्या चुलीशी, जेमसीच्या टेबलाशी, जन्मभर.

"केटकडे गाई किती?" जेमसीने सुरुवात केली.

"दोन," थेडी म्हणाला.

"म्हणजे एक."

"एक, पण दूध दोघींचं."

"जमीन?"

"टेकडीपासून ओढ्यापर्यंत."

"ओढा टेकडीला लागूनच आहे रे."

"म्हणूनच म्हटलं ना, पाण्याची ददात नाही!"

दोघं हसले. पेले भरले. मर्टी विस्तवाकडे बघत होता. सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं. मग जेमसीने एकदा मर्टीकडे, एकदा त्या क्रॉसकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "थेडी, याने तिकडे लढाईत... माणसं मारली असतील का रे?"

थेडीला वाटलं, म्हाताऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"असतील का? जेमसी, विचारतोस काय! बारा तर नाश्त्याच्या आधी."

"बारा." जेमसीने पेला खाली ठेवला.

थेडीने खाली गेलेला पेला बघितला आणि त्याला वाटलं, बारा कमी पडले. "बारा त्या एका सकाळचे म्हणतोय मी. एकूण बघायला गेलं तर वीस. काय वीस, तीस! मोजणाऱ्या कारकुनाने बिचाऱ्याने चाळीसवर मोजायचं सोडलं."

"चाळीस?"

"एखादा वरच. आणि बंदुकीने नव्हे हां. हाताने!"

"हाताने!" जेमसीने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

"हे हात बघ त्याचे. आणि काही तर नुसत्या नजरेने गेले. याने बघितलं, ते पडले."

जेमसीने चटकन मर्टीवरची नजर काढून घेतली. मर्टीने तोंड उघडलं. थेडीने बाकड्याखाली त्याच्या पायावर टाच दिली, कारण रीत म्हणजे रीत. मर्टीने मान वळवली तर दाराच्या फटीत अबिना. ती वाट बघत होती. आता हा काहीतरी बोलेल, एक शब्द तरी बोलेल, म्हणून ती नुसती वाट बघत होती.  मर्टीने तोंड मिटलं आणि पुन्हा विस्तवाकडे बघायला लागला. अर्धं दार हलकेच बंद झालं. तो आवाज त्याला क्रिमियातल्या कुठल्याही तोफेपेक्षा मोठा वाटला.

"थेडी," जेमसी हळूच म्हणाला, "तुझं बोलणं निम्मं धरायचं, हे मला ठाऊक आहे. चाळीसचे निम्मे वीस. वीस माणसं हाताने मारलेला माणूस रोज सकाळी माझ्यासमोर बसून अंडं फोडणार? मी कुठे बघायचं रे? मला नाही जमायचं."

"अरे, पण तो स्वभावाने..."

"नाही जमायचं. बाटली घेऊन जा. नको, अर्धी ठेव."

येताना बदकाने मर्टीची दुसरी पोटरी धरली. त्याने ती सोडवलीसुद्धा नाही. फाटकापर्यंत तसाच गेला.

मंगळवार आला आणि गेला. गावात लग्नांचा धडाका उडाला, फादरांचा घसा बसला, फिडलवाल्याची तार तुटली. मर्टी घरात भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि केट थेडीचा उद्धार करत भांडी आपटत होती. एवढं मात्र कानावर आलं, की बार्थली डीला जेमसीने अजून होकार दिलेला नाही. अबिना म्हणे बापाला म्हणाली, "मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात त्याला उत्तर द्या. लग्न तर कसंही ईस्टरनंतरच." जेमसी सहसा कोणाला सरळ नाही म्हणू शकत नसे, त्यामुळे त्यालाही ही मुदत गोड वाटली.

आता तो रविवार साधासुधा नव्हता. उपासाचा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे खडूचा रविवार. लग्न न जमलेला बाप्या चर्चला निघाला की त्याच्या पाठीवर कोणीतरी खडूने मोठी फुली मारायची, आणि मग त्याने ती फुली घेऊन दिवसभर गावात फिरायचं. पोरीही यातून सुटत नाहीत. पण बाप्यांची तारांबळ बघण्यासारखी असते. कोणी भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखा चालतो. कोणी आजाऱ्याचं सोंग घेतो. आणि बरेचसे पहाटेच दलदल ओलांडून शेजारच्या गावच्या चर्चला पळतात. शेजारच्या गावचे उरलेसुरले त्याच वेळी आमच्याकडे पळत असतात. दलदलीच्या मध्यावर दोन्ही टोळ्या समोरासमोर येतात, टोप्या काढून नमस्कार करतात आणि चिखल तुडवत पुढे जातात.

त्या सकाळी गावातले बरेचसे अविवाहित मर्टीच्या दारात हजर झाले. मर्टी, तू लढाई बघितलेली आहेस, तूच ने आम्हाला. मर्टीला कशातच राम वाटत नव्हता, पण नाही म्हणणं त्यालाही जमत नसे. त्याने टोळी ओढ्याच्या कडेने घेतली, एकामागे एक, कमरेत वाकून, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने. कोणी खोकायचं नाही, कोणी पाईप ओढायचा नाही. अशी सुरेख माघार पलटणीतही कधी घेतली गेली नसेल. त्याच्या लष्करी अनुभवाचा गावाला एकदाचा उपयोग झाला.

शेवटच्या कुंपणातलं खिंडार आलं. खिंडारात दगडावर अबिना बसली होती. हातात खडू.

टोळी थिजली. अबिनाने एकेकाला न्याहाळलं. "जा रे तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्यावर खडू कोण फुकट घालवणार!"

ते सगळे गेले, अगदी धूम ठोकून. साथीदाराला मागे टाकल्याचं कोणालाच वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"तू वळ," अबिना म्हणाली.

मर्टी वळला. तिने त्याच्या पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या कमरेपर्यंत, आणि मग दुसरीकडून, अशी फुली ओढली की खडूचे दोन तुकडे झाले.

"झालं. पुढून क्रॉस, मागून क्रॉस. आता कुठून बघितलं तरी तूच."

"अबिना, मी..."

"हवा बरी आहे. ठाऊक आहे मला." ती उठून त्याच्यासमोर आली. "किती मारलेस? थेडीचे नकोत, तुझे सांग."

मर्टीने तिच्या बुटांकडे बघत सांगितलं, पण सांगितलं. "मला ठाऊक नाही. धुकं होतं. सगळे गोळ्या झाडत होते, मीही झाडल्या. कोणाला लागल्या ते देव जाणे, आणि रात्री झोपताना मी त्याला ते विचारत नाही. पण समोर तोंड दिसतंय आणि मी मारलं, असं कधी झालं नाही. एकदाही नाही."

"मग हा कशाबद्दल मिळाला?"

हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. आता सांगितलं. अबिना आधी हसली, दोन शेतं ओलांडून जाईल असं. मग हसता हसता एकदम थांबली आणि तिने तोंडावर हात धरला.

"हे बाबांना सांग," ती म्हणाली. "आत्ता. सगळ्यांसमोर."

"लोक हसतील गं."

"हसू देत."

"अख्ख्या गावाची गोष्ट आहे ती. मोडली तर मला गावाबाहेर काढतील."

"मर्टी, बार्थली नवी हॅट घालून आलाय."

 मर्टी वळला आणि ज्या चोरवाटेने सगळी टोळी आणली होती ती सोडून सरळ शेतांमधून, ताठ मानेने, गावाकडे चालायला लागला. अबिनाला त्याच्या मागे पळावं लागलं.

प्रार्थना नुकतीच सुटली होती. अंगण माणसांनी फुललं होतं. फुल्यावाले, फुल्या मारणारे, नव्या नवऱ्या, हसून हसून डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या. बार्थली डी नवी हॅट हातात घेऊन जेमसीसमोर उभा होता, आणि जेमसी हॅटच्या पट्टीकडे बघत उत्तर लांबवत होता. मर्टी फाटकातून आत आला तशी दोन्हीकडच्या क्रॉसांवरून हशा उसळला. केटने कपाळावर हात मारला. थेडीने भिंतीशी उभ्या उभ्या डोळा मारला. मर्टी थेट जेमसीसमोर जाऊन थांबला, आणि त्याचं तोंड बघून लोक आपोआप गप्प झाले. आज खुद्द मर्टी गोष्ट सांगणार, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. फिडलवाल्याने टोपी काढली.

"जेमसीकाका," मर्टी म्हणाला, "चाळीस नव्हते."

"मग किती रे?" जेमसी अर्धं पाऊल मागे सरकला.

"त्या दिवशी एकही नाही. मी गोळा उचलून टाकला, एवढंच केलं. तोही कोणासाठी म्हणून नाही."  त्याने हात मागे बांधले, पलटणीत बांधायचा तसे. "आम्ही खंदकात होतो, सेबॅस्टोपोलसमोर. सगळा हिवाळा नुसतं खारं मांस आणि दगडासारखी बिस्किटं. दात हलायला लागले होते आमचे. मग त्या दिवशी कुठल्यातरी जहाजातून बटाटे आले. आपल्यासारखे बटाटे, काका. माती लागलेले. आमच्या वाट्याला पातेलंभर आले. खंदकातच चूल पेटवली. पाणी नुकतं उकळायला लागलं होतं, आणि तो गोळा येऊन पडला. पातेल्यापासून हातभर. वात सुरसुरत होती. साहेब ओरडला, आडवे व्हा! सगळे आडवे झाले. शहाणी माणसं होती ती."

"आणि तू?"

"मी पातेल्याकडे बघितलं."

गर्दीत कोणीतरी फिसकलं. थेडीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"खरं सांगतो," मर्टी म्हणाला, "मला साहेब दिसला नाही, राणी दिसली नाही, गावही दिसलं नाही. पातेलं दिसलं. म्हटलं, हे जाऊ द्यायचे नाहीत. एकदा गेलेत. आता नाही जाऊ द्यायचे. मग गोळा उचलला आणि वर फेकला, कठड्यापलीकडे. तिकडे फुटला. हात भाजले. साहेबाने कळवलं की मी सोबत्यांचे जीव वाचवले. वाचले ते, खोटं नाही. पण मी बटाटे वाचवत होतो."

तरणी पोरं खो खो हसायला लागली. बटाटे! फावडं नाही, तोफ नाही, मेरीमाता नाही, बटाटे! एका पोराला तर हसता हसता ठसका लागला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय कोणी हसत नाही. आया हसत नव्हत्या, बाप हसत नव्हते, लोहार हसत नव्हता. शेवटचं हसू अर्ध्यावर विरलं.

अंगणातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला बटाटे शेतातच सडले त्या दुष्काळातला तो वास आठवत होता. सकाळी हिरवं असलेलं शेत दुसऱ्या सकाळी काळं पडलेलं, आणि खणलं की हाताला लागणारा तो चिकट लगदा. चर्चच्या भिंतीपलीकडे गवतात उंचवटे होते, त्यांवर दगड नव्हते, कारण तेव्हा दगड घडवणाराही उरला नव्हता. त्यातल्या दोन लहान उंचवट्यांत अबिनाचे भाऊ होते. पोट हा विषय आम्ही कधी काढत नाही, तो शूरांच्या बाबतीतही नाही आणि आमच्या स्वतःच्या बाबतीत तर मुळीच नाही. मर्टीने तो भर अंगणात काढला होता, आणि आता सगळे जेमसीकडे बघत होते.

जेमसीच्या पांढऱ्या भुवया हलत होत्या. त्याने विचारलं, "आणि बटाटे?"

"काय काका?"

"बटाटे शिजले का?"

"शिजले. सालं फुटली तेव्हा उतरवले. आतून जरा टणक होते."

"मीठ होतं?"

"मिठाला काही तोटा नव्हता."

"सगळ्यांना पुरले?"

"पुरले, काका. साहेबालाही एक दिला."

जेमसीच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला. आधी वाटलं ठसका लागला. मग कळलं, तो हसतोय. मग कळलं, रडतोय. मग कळलं की दोन्ही एकदम चाललंय आणि त्याला थांबवता येत नाहीये. केटने त्याला धरायला हात पुढे केला तर तिचीही तीच गत झाली. लोहाराने नाक शिंकरलं ते तुतारीसारखं वाजलं, आणि त्यावर अख्खं अंगण फुटलं. माणसं हसत होती, डोळे पुसत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, आणि फुलीवाल्यांच्या पाठीवरचा खडू सगळ्यांच्या तळव्यांना लागत होता.

"वळ रे इकडे," जेमसी म्हणाला. मर्टी वळला. जेमसीने कोटाच्या बाहीवर थुंकी घेतली, टाचा उंचावल्या आणि त्याच्या पाठीवरची फुली घासायला लागला. ती काही नीट जाईना. नुसती पसरत गेली. तरी तो घासतच राहिला.

बार्थली डी समजूतदार माणूस. त्याने नवी हॅट डोक्यावर चढवली, मर्टीशी हात मिळवला आणि एव्हाना भिंतीवर जाऊन बसलेल्या अबिनाकडे बघून म्हणाला, "माझी बायको असती तर तिलाही हे आवडलं असतं." कोणती, ते नेहमीप्रमाणे कळलं नाही. अबिना भिंतीवरून उतरून आली आणि बापाला बाजूला सारून स्वतःच्या पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने, उरलेला खडू पुसायला लागली. मर्टी तिला म्हणाला, "हवा..." आणि ती म्हणाली, "गप्प बस." मर्टी खुशाल गप्प बसला. लग्न ईस्टरनंतरच्या पहिल्या मंगळवारी लागलं.

पण तो दिवस संपायच्या आधीच थेडी सावरला. कधी सावरणार नाही तो थेडी कसला! संध्याकाळी गुत्त्यात शेजारगावचे लोक जमले होते, आणि चुलीशी उभा राहून थेडी हात पसरून सांगत होता. "बटाटे? अरे, नुसते बटाटे कसले! त्या पातेल्यात आख्खं डुक्कर शिजत होतं. पातेलं एवढं, या चुलीएवढं! आणि मर्टीने काय केलं, एका हातात गोळा, दुसऱ्या हातात..."

"थेडी," जेमसी दारातून म्हणाला. त्याचा आवाज कोणी कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि आताही तो चढला नव्हता.

"काय रे?"

"बटाटेच."

 थेडीने पसरलेले हात हळूहळू खाली घेतले.

"बटाटेच," तो म्हणाला.

आमच्या गावात एका गाईच्या दोन होतात आणि बारा रशियनांचे चाळीस. पण त्या पातेल्यात आजपर्यंत कोणी एक बटाटाही वाढवलेला नाही.